‘किडलेले नख’ : सोरायसिसमधील नखविकार आणि त्याची नावे

रोगाला नाव देणे हे वैद्याचे काम, असे आपण सामान्यतः धरून चालतो. वस्तुतः रोगी वैद्यापुढे येऊन बसतो तेव्हा त्याच्या व्याधीचे एक नामकरण घरी, शेतावर किंवा बाजारात आधीच होऊन गेलेले असते. वैद्याकडे जावयाचे की नाही, कोणत्या वैद्याकडे जावयाचे, घरात कोणापाशी काय बोलावयाचे, ताट-वाटी वेगळी करावयाची की नाही, हे पुष्कळ अंशी त्या पहिल्या नावावरून ठरते. रोगनामांचा अभ्यास हा भाषाशास्त्राचा विषय ठरतो तो याच कारणाने. प्रस्तुत लेखात एका लहानशा अवयवाचा आणि एका दीर्घकालीन रोगाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. अवयव म्हणजे नख, रोग म्हणजे सोरायसिस; आणि ज्या बोलीच्या संदर्भात हा विचार करावयाचा ती मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील, व्यवहाराची बोली होय.

सोरायसिस हा त्वचेचा रोग म्हणून ओळखला जातो. कोपर, गुडघे, पाठीचा खालचा भाग व डोके या ठिकाणी लालसर, स्पष्ट कडांचे चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी पांढरे पापुद्रे जमतात. जगातील प्रौढ लोकसंख्येत त्याचे प्रमाण स्थूलमानाने शेकडा २ ते ३ मानतात. भारतासंबंधीचे अंदाज शेकडा ०.४४ पासून २.८ पर्यंत आहेत. तो संसर्गजन्य नाही. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील बिघाडामुळे त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने तयार होतात व पूर्ण पक्व होण्याआधीच पृष्ठभागावर येतात, हे त्याचे स्वरूप. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली केलेल्या ठरावात या रोगाचा उल्लेख दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक, विद्रूप व विकल करणारा असा केला आहे. परंतु त्वचेच्या चट्ट्यांकडे जितके लक्ष जाते तितके नखांकडे जात नाही. कोणत्याही एका वेळी पाहिले असता सोरायसिसच्या सुमारे निम्म्या रोग्यांच्या नखांत विकार आढळतो. आणि रोग्याच्या सबंध आयुष्याचा हिशेब धरला तर हे प्रमाण शेकडा ८० ते ९० पर्यंत जाते. थोड्या रोग्यांत तर त्वचा निर्दोष असून रोग केवळ नखांतच प्रकट होतो. अशा रोग्याला आपल्या नखांचा आणि सोरायसिसचा काही संबंध असेल ही कल्पनाही येत नाही. तो आपल्या बोलीतले जवळचे नाव उचलतो आणि म्हणतो, “नख किडलं.”

१. नखाची घडण

या नावातील चूक कोठे आहे हे समजण्यासाठी नख कसे घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्याला दिसते ते कठीण आवरण म्हणजे नखपट्ट. तो निर्जीव असतो. त्याची उत्पत्ती होते ती बोटाच्या मागच्या कातडीखाली दडलेल्या नखमुळात. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जो पांढुरका अर्धचंद्र दिसतो तो या नखमुळाचाच पुढे डोकावणारा भाग. नखपट्ट ज्या मऊ, गुलाबी पृष्ठभागावर टेकलेला असतो त्याला नखतल म्हणावे. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे सुमारे १ मिलिमीटर. म्हणून हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सुमारे सहा महिने लागतात व पायाच्या अंगठ्याचे होण्यास वर्ष ते दीड वर्ष.

सोरायसिस नखमुळात शिरला की नखतलात, यावरून खुणा बदलतात. नखमुळाचा मागील भाग नखपट्टाचा वरचा थर तयार करतो. त्या भागात रोगाचे लहान लहान ठिपके असले तर तेथे अपक्व पेशींचे पुंजके नखपट्टात मिसळतात. नख पुढे सरकले की ते पुंजके गळून पडतात आणि त्यांच्या जागी बारीक खड्डे राहतात. शिंप्याच्या बोटातील अंगुस्तानावर जशी टोचणी असते तसे हे नख दिसते. ‘अंगुस्तान’ हा फारसीतून आलेला शब्द मराठी शिंपीकामात रुळलेला आहे, आणि युरोपीय वैद्यांनीही या खुणेसाठी अंगुस्तानाचीच उपमा वापरली आहे. नखमुळाचा पुढील भाग बाधित असला तर नखाच्या आत पांढरे डाग दिसतात, अर्धचंद्रात लाल ठिपके येतात. आणि सगळेच नखमूळ बाधित असले तर नखपट्ट ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो.

रोग नखतलात असला तर खुणा निराळ्या. कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा पिवळसर-तांबूस डाग नखपट्टाखाली दिसतो. नखाचे टोक खालच्या मांसापासून सुटून पांढरे होते, आणि या सुटलेल्या भागाच्या मागे तांबूस कड असते. नखाखाली पापुद्र्यांचा थर साचून नख वर उचलले जाते. कधी कधी नखाखाली लांबट, बारीक, काळपट-तांबड्या रेषा उठतात. ज्वारीच्या किंवा गवताच्या कुसळाप्रमाणे त्या दिसतात. इंग्रजी वैद्यकात त्यांना लाकडाच्या सालपटाची उपमा देतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ‘कुसळ’ हा शब्द त्याहून अधिक नेमका वाटेल.

या सर्व खुणांचा उगम शरीराच्या आतील प्रक्रियेत आहे. बाहेरून काही येऊन नखास लागलेले नाही. खड्ड्याचे कातडीपासूनचे अंतर मोजले तर तो खड्डा पाडणारी घटना नखमुळात केव्हा घडली याचा अदमास करता येतो: ९ मिलिमीटरांवरील खड्डा म्हणजे सुमारे तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आज दिसणारे नख हे गेल्या काही महिन्यांचा लेख होय, आणि आज सुरू केलेल्या औषधाचा गुण त्या लेखावर उमटण्यासही तितकाच काळ जावा लागतो.

२. क्रियापदात दडलेले कारण

आता ‘नख किडलं’ या वाक्याकडे वळू. किडणे हे क्रियापद ‘कीड’ या नामावरून आलेले आहे. दात किडतो, धान्य किडते, बोंड किडते. या प्रत्येक प्रयोगात बाहेरून आलेला एक पोखरणारा जीव गृहीत धरलेला असतो. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला बोंडाची कीड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तीच रचना तो नखाला लावतो. खड्डे पडलेले, भुगा होणारे, पोकळ झालेले नख दिसावयास पोखरल्यासारखेच असते, म्हणून उपमा म्हणून शब्द चांगला आहे. अडचण अशी की तो उपमा म्हणून उच्चारला जात नाही. क्रियापद कारणच सांगून मोकळे होते; आणि कारण कीड ठरले की उपाय ‘कीड मारणे’ हाच ठरतो. मग नखाखाली टाचणी घालून कोरणे, चुना लावणे, आम्लासारखे दाहक पदार्थ टाकणे असे प्रकार घडतात.

सोरायसिसच्या बाबतीत हे उपाय अपायकारक आहेत. हाइनरिख कोबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८७२ साली एक गोष्ट निदर्शनास आणली. सोरायसिसच्या रोग्याच्या निरोगी त्वचेस इजा झाली तर इजेच्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. नखांनाही हा नियम लागू पडतो. नख कोरणे म्हणजे रोगाला आमंत्रण देणे. जालना जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील कष्टाच्या कामांत नखाला सारखी इजा होत असते. कापूस वेचताना उकललेल्या बोंडाच्या वाळक्या, टोकदार कडा नखाच्या कडेच्या मांसात रुततात. खुरपणीत नखाच्या टोकावर ताण येतो. लोखंडाच्या कारखान्यांत बोटांवर आघात होतात. वेचणीचा हंगाम व थंडीचा कोरडा काळ यांची सुरुवातही बहुधा एकत्रच येते, आणि कोरड्या थंडीत सोरायसिस पुष्कळांना अधिक त्रास देतो. नखे आखूड ठेवणे, कामाच्या वेळी शक्य तेथे हातमोजे किंवा बोटाला फडके गुंडाळणे, हात धुतल्यावर स्निग्ध पदार्थ लावणे या साध्या गोष्टींना म्हणूनच औषधाइतके महत्त्व आहे.

याच्या शेजारी दुसरे एक क्रियापद पाहा: लागणे. ‘रोग लागला’, ‘लागण झाली’, ‘लागट आजार’. मराठीत लागणे हे क्रियापद भूक, तहान, झोप यांनाही चालते आणि तेथे संसर्गाचा अर्थ मुळीच नसतो. परंतु त्वचा व नखे यांच्या संदर्भात ते आले की ऐकणाऱ्याच्या मनात स्पर्शाची भीती जागी होते. ‘नखाला काहीतरी लागलंय’ एवढ्या वाक्याने सुनेच्या हातची भाकरी संशयास्पद ठरू शकते. सोरायसिसचे नख स्पर्शाने, पाण्याने, अन्नाने, एकत्र राहण्याने कोणालाही लागत नाही.

३. कोड, कोढ आणि कुष्ठ

नखापेक्षा त्वचेवरील चट्ट्यांना मिळणारी नावे अधिक भयंकर आहेत, आणि नखाचा रोगी त्यांच्या छायेत येतो. संस्कृत ‘कुष्ठ’ हा शब्द आयुर्वेदात एका रोगाचे नाव नसून त्वचारोगांच्या मोठ्या वर्गाचे नाव आहे. चरकसंहितेत अठरा कुष्ठे सांगितली आहेत, सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांपैकी घाम न येणारे, विस्तीर्ण जागा व्यापणारे, माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे ते एककुष्ठ. आणि काळसर, खरखरीत स्पर्शाचे ते किटिभ. आजचे वैद्य सोरायसिसला कधी एककुष्ठ, कधी किटिभ म्हणतात. आयुर्वेदाच्या चौकटीत या नावांत काही वावगे नाही.

गोंधळ सुरू होतो तो ‘कुष्ठ’ या शब्दाचा अर्थ आकुंचित झाल्यामुळे. आजच्या शिष्ट मराठीत कुष्ठरोग म्हणजे केवळ महारोग, म्हणजे १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन याने ज्याचा जंतू शोधला तो रोग. वैद्याने ‘एककुष्ठ’ म्हटले की रोग्याच्या कानी ‘कुष्ठ’ एवढेच पडते. याच शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज हिंदीत कोढ व मराठीत कोड असा आहे. हिंदी-उर्दूत कोढ म्हणजे महारोग. आजच्या मराठीत कोड म्हणजे त्वचेचा रंग जाऊन उठणारे पांढरे डाग, ज्यांत जंतूचा काहीही संबंध नाही. एकाच मुळातून निघालेले दोन शब्द, उच्चार जवळजवळ एक, अर्थ मात्र वेगळे. भाषाशास्त्रात अशा जोड्या अनेक आढळतात व त्या बहुधा निरुपद्रवी असतात. जालन्यासारख्या ठिकाणी ही जोडी निरुपद्रवी राहत नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेथे कारभाराची भाषा उर्दू होती. आजही जालना शहराच्या बाजारपेठेत मराठी, दखनी, हिंदी व मारवाडी एकमेकींत मिसळत असतात. एकाने उच्चारलेला कोड दुसऱ्याच्या कानी कोढ होऊन पोचतो.

या शब्दाला कायद्याचेही वजन होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ यात महारोग हे घटस्फोटाचे एक कारण मानले होते. ते २०१९ सालच्या दुरुस्तीने वगळण्यात आले. महारोग्यावरही हा अन्यायच होता, कारण तो रोग औषधाने पूर्ण बरा होतो. येथे सांगावयाचे इतकेच की, ज्या समाजात एका शब्दावर विवाह मोडू शकत होता, त्या समाजात तो शब्द दुसऱ्या रोगाला चुकून चिकटणे ही केवळ परिभाषेची चूक राहत नाही.

युरोपातही हेच घडले, ही गोष्ट बोधप्रद आहे. ग्रीक ‘लेप्रा’ या शब्दाच्या मुळाशी खवल्याचा अर्थ आहे, तर ‘सोरायसिस’च्या मुळाशी असलेल्या ‘सोरा’ या शब्दाचा अर्थ खाज. व्युत्पत्तीने पाहता खवल्यांच्या रोगाला ‘लेप्रा’ हे नाव शोभले असते आणि ‘सोरायसिस’ खरजेला. इतिहासात मात्र ‘लेप्रा’ हा शब्द महारोगाकडे गेला आणि सोरायसिसचे अनेक रोगी त्याच नावाखाली गणले गेले. लंडनच्या रॉबर्ट विलन याने १८०८ साली सोरायसिसचे अचूक वर्णन केले, तरी त्याच्या एका प्रकारासाठी ‘लेप्रा’ हे नाव राहूच दिले. व्हिएन्नाच्या फर्डिनंड हेब्रा याने १८४१ साली तो शब्द सोरायसिसच्या वर्णनातून काढून टाकला तेव्हा दोन्ही रोगांची नावे वेगळी झाली. रोग ओळखता येणे आणि त्याचे नाव मोकळे होणे यांत तेथेही तेहतीस वर्षे गेली.

नख पाहून दोहोंतील भेद सांगावयाचा झाल्यास एक ढोबळ खूण ध्यानात ठेवावी. महारोगात मज्जातंतू बाधित होतात, म्हणून बोटांची व चट्ट्यांची संवेदना जाते. सोरायसिसमध्ये ती जात नाही. उलट सुटलेले नख पुष्कळदा दुखते.

४. ‘कुनखी’ : एका जुन्या कलंकाचा इतिहास

विद्रूप नखाशी कलंक जोडण्याची परंपरा कोडाइतकीच जुनी आहे. संस्कृतात अशा नखाला कुनख व अशा माणसाला कुनखी म्हणत. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांत कुनखाचे वर्णन येते: आघाताने दूषित होऊन रूक्ष, काळे व खरखरीत झालेले नख. हे वर्णन शुद्ध वैद्यकीय आहे. कारण म्हणून आघात सांगितला आहे, पाप नव्हे. त्याच ठिकाणी नखाच्या मांसात होणाऱ्या, दुखणाऱ्या व पिकणाऱ्या विकाराला चिप्प असे वेगळे नाव दिले आहे. आपण त्याला नखुरडे म्हणतो. म्हणजे नखाचा विकार व नखाभोवतीच्या मांसाचा विकार हा भेद प्राचीन वैद्याने नीट पाळला होता.

वैद्यकाबाहेर मात्र शब्दाला वेगळी वाट मिळाली. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात अपामार्गाला, म्हणजे आपल्या आघाड्याला, उद्देशून एक सूक्त आहे. काळ्या दातांच्या व वाईट नखांच्या माणसासह बसल्याने जो दोष लागला तो पुसून टाक, अशी त्यात प्रार्थना आहे. मनुस्मृतीत कुनखी हा श्राद्धात वर्ज्य मानलेल्यांच्या यादीत येतो, आणि सोने चोरणाऱ्याला पुढल्या जन्मी विद्रूप नखे येतात असेही तेथे सांगितले आहे. वैद्याने ज्याला आघाताचे फळ म्हटले त्याला स्मृतिकाराने पापाचे फळ ठरविले. ‘कुनखी’ हा शब्द आज बोलीत उरलेला नाही, पण त्यातील वृत्ती उरली आहे. लग्न ठरविताना मुलीचे हात पाहणे, दुकानात पैसे देताना बोटे मुठीत लपविणे, नखांवर सतत मेंदी किंवा रंग ठेवणे यांमागे तीच वृत्ती उभी आहे. मेंदीने नखाचा मूळ रंग झाकला जातो, त्यामुळे तेलाच्या थेंबासारखा डाग तपासणाऱ्यालाही दिसत नाही, हा त्यातील आणखी एक तोटा.

५. बुरशी की सोरायसिस?

गावठी नावांत जशी गफलत आहे तशीच ती सुशिक्षित नावांतही आहे. ‘नख किडलं’ याचे शहरी रूप म्हणजे ‘नखाला बुरशी झाली’. कित्येकदा ते खरेही असते: विद्रूप नखांपैकी सुमारे निम्मी बुरशीमुळे विद्रूप झालेली असतात. पावसाळ्यात चिखलात उभे राहून काम करणाऱ्यांना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि पायांच्या नखांत बुरशी शिरण्यास ती स्थिती अनुकूल असते. परंतु उरलेल्या निम्म्यांचे काय? बुरशीवरील गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही ज्याची नखे जशीच्या तशी राहतात, त्याच्या बाबतीत नाव चुकले असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

भेदाच्या काही खुणा अशा. बुरशी बहुधा पायाच्या एका-दोन नखांपासून व नखाच्या टोकाकडून सुरू होते. सोरायसिस हाताच्या अनेक नखांत एकदम दिसतो. बारीक खड्डे बुरशीत क्वचितच असतात. सुटलेल्या भागामागील तांबूस कड सोरायसिसकडे बोट दाखविते. डोक्यात न जाणारा जाड कोंडा, कोपरावरील किंवा बेंबीतील लहानसा चट्टा, घरात कोणाला तरी असलेला सोरायसिस, या गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. तथापि एकटी खूण निर्णायक नसते. एखाददुसरा खड्डा निरोगी नखावरही असतो, आणि चाई पडण्याच्या रोगातही नखांवर खड्डे येतात. शिवाय सोरायसिस व बुरशी एकाच नखात एकत्रही नांदू शकतात. म्हणून नखाचा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी औषधापूर्वी करून घेणे इष्ट. ही तपासणी स्वस्त आहे. चुकीच्या नावाने घेतलेली गोळ्यांची माळ स्वस्त नसते.

६. नख आणि सांधा

येथवरचा विचार विद्रूपता व कलंक यांपुरता होता. नखाचे महत्त्व त्याहून मोठे आहे. सोरायसिसच्या रोग्यांपैकी शेकडा ३० पर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा विकार होतो, आणि अशा सांधेविकाराच्या रोग्यांत नखांचा विकार शेकडा ८० च्या आसपास आढळतो. त्वचेचे चट्टे सांध्यांच्या आधी बहुधा कित्येक वर्षे, सरासरीने सुमारे दहा वर्षे, उठलेले असतात. म्हणजे नखांत बदल असलेला सोरायसिसचा रोगी हा सांध्यांच्या दृष्टीने विशेष जपण्याजोगा रोगी होय. सांध्याची एकदा झालेली झीज भरून येत नाही. वेळीच उपचार झाले तर ती रोखता येते.

या संबंधाचे कारण शरीररचनेत सापडले आहे. बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून जाणारा, बोट सरळ करणारा स्नायुबंध हाडाला जेथे चिकटतो तेथेच त्याचे तंतू थांबत नाहीत. ते पुढे जाऊन नखमुळाला वेढतात. हाडाशी स्नायुबंध जोडला जातो त्या जागेची सूज हे या सांधेविकाराचे मूळ आहे, आणि नखमूळ त्या जागेच्या अगदी शेजारी आहे. सुश्रुतसंहितेत नख व रोम यांना अस्थिधातूचे मल म्हटले आहे. त्यावरून प्राचीनांना हा संबंध माहीत होता असे अनुमान काढणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तेथील विचार धातूंच्या पचनाचा आहे, शरीररचनेचा नव्हे. शब्द जवळ आले म्हणून कल्पना एक होत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.

मराठी बोलीत मात्र नख व सांधा हे दोन निरनिराळ्या कप्प्यांत पडतात. नख ‘किडते’, सांध्यात ‘वात’ येतो. किडीसाठी एक माणूस, वातासाठी दुसरा. ज्या शेतमजुराची नखे खड्ड्यांनी भरली आहेत आणि ज्याची बोटे सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात, तो या दोन तक्रारी एकाच माणसापुढे, एकाच दिवशी, एका दमात सांगत नाही. कारण त्याच्या भाषेत त्या एका गोष्टीचे दोन भाग नाहीत. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय सुमारे ६० किलोमीटर आहे. १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था सबंध मराठवाड्यात ‘घाटी’ या नावानेच ओळखली जाते. तेथवर गेलेला माणूस मजुरी बुडवून गेलेला असतो. त्वचेच्या विभागात त्याने नख दाखविले आणि सांध्याचे सांगितले नाही, तर ती खेप अर्धी वाया जाते.

७. औषधाची भाषा

उपचारांचा तपशील हा या लेखाचा विषय नव्हे. स्थूल कल्पना मात्र असावी. विकार थोड्या नखांत व सौम्य असला तर स्टेरॉइड व कॅल्सिपोट्रिऑल यांची मलमे वापरतात. नखमुळाचा विकार असला तर तेथे स्टेरॉइडचे इंजेक्शनही देतात. नखे अनेक असली किंवा सांधे धरले असले तर मेथोट्रेक्झेटसारखी पोटात घ्यावयाची औषधे, आणि अलीकडे जैविक औषधे, असा क्रम असतो. रोग आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. आणि नखाच्या वाढीचा वेग ध्यानात घेता चार-सहा महिन्यांच्या आत निकाल मागू नये.

येथेही भाषेचा प्रश्न आहे, आणि तो प्राणाशी संबंधित आहे. मेथोट्रेक्झेट या कामासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध आहे. ते चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी घटतात, तोंडात व्रण होतात, मृत्यूही ओढवू शकतो. चिठ्ठी इंग्रजीत, वाचणारा शाळकरी मुलगा, आणि इतर सर्व गोळ्या रोजच्या असण्याची सवय, अशा स्थितीत ‘आठवड्यातून एकदा’ एवढे सांगणेही पुरे पडत नाही. ‘दर सोमवारी’ किंवा गावच्या बाजाराचा वार, असे वाराचे नाव घेऊन सांगितले व लिहून दिले तर चूक टळते. जालना जिल्ह्यातील गावांत आठवड्याचे मोजमाप बाजाराच्या वारानेच होते; वैद्यकाने या मोजमापाचा उपयोग करून घ्यावा.

८. वर्णनाची परिभाषा

या विवेचनाचा निष्कर्ष कोणी असा काढील की, सोरायसिसला एक नवे शुद्ध मराठी नाव घडवावे. हिंदीत अपरस, छालरोग असे शब्द आहेत. तसा एखादा आपणही घडवू शकू. परंतु नव्या नावाने जुने भय जातेच असे नाही, आणि ‘सोरायसिस’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. उणीव आहे ती नखावरील खुणांच्या वर्णनाची. महारोगाच्या प्रचारकार्यात ‘बधिर चट्टा’ ही दोन शब्दांची जोडी गावोगाव पोचली. त्या जोडीत कारण नाही, दोषारोप नाही. डोळ्यांना काय दिसते आणि बोटाला काय जाणवते एवढेच आहे. ती ऐकून माणसे आपण होऊन तपासणीला आली. नखांसाठी अशाच वर्णनात्मक जोड्या हव्यात, आणि त्या घडविण्यास बोलीत सामग्री भरपूर आहे: अंगुस्तानी खड्डे, तेलथेंबी डाग, सुटलेले टोक, नखाखालचा कोंडा, कुसळरेषा. यांच्या जोडीला ‘सकाळी आखडणारी बोटे’ आणि ‘सबंध सुजलेले बोट’ हे दोन प्रयोग ठेवले की नख व सांधा एका वाक्यात येतात.

मराठी विभागातील व भाषाशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे काम आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर व जालना या आठ तालुक्यांतून नखे, त्वचा व सांधे यांसंबंधीचे बोलीतील शब्द गोळा करावेत. प्रत्येक शब्दासोबत तो शब्द कोणते कारण गृहीत धरतो व रोग्याला कोठे पाठवितो, याचीही नोंद करावी. अशी सूची आशा कार्यकर्तीच्या हाती पडली, तर “नख किडलं” म्हणणाऱ्या बाईला ती विचारू शकेल: नखांवर खड्डे आहेत काय? डोक्यात जाड कोंडा आहे काय? सकाळी बोटे आखडतात काय? या तीन प्रश्नांना एकही परकीय शब्द लागत नाही. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर त्या बाईची बोटे कापूस वेचण्याजोगी राहण्यासाठी तिने कोठे जावयाचे, हे त्याच दिवशी ठरू शकते.